भरलेली बाजू

बाबा, हे पत्र पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी, असे सहा-सात कागद समोर आहेत. नवा कागद घेतला असता तर मजकूर बाजूला ठेवून तू आधी कागदावरूनच बोलला असतास, म्हणून हे बरं. तू गेलास त्याला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुला कधी काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आज वाटतंय ते काही चांगलं सांगायचंय म्हणून नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळा सुटून तासभर झालाय. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलेय, म्हणजे ज्या खोलीच्या दाराबाहेर तू स्टुलावर बसायचास तीच खोली. ते स्टूल अजून आहे. चार वर्षांपूर्वी संस्थेने मला या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून पाठवलं तेव्हा कोळीवाड्यातल्या बायकांनी मला ओवाळलं होतं, शिपायाची पोर हेडबाई झाली म्हणून. तुझी आठवण काढून आई रडली. मी रडले नाही. मला त्या दिवशी वेगळंच आठवत होतं. शाळेत सगळी मुलं तुला मामा म्हणायची, आणि पाचवीपासून दहावीपर्यंत मीही तुला मामाच म्हटलं. घरी बाबा, शाळेत मामा. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही.

तुझं ते सायक्लोस्टाइलचं मशीन केव्हाच भंगारात गेलं, पण जिन्याखालची खोली आहे. परीक्षा जवळ आली की मी दप्तर घेऊन तिथे येऊन बसायचे. तू हँडल फिरवतोयस, रोलर कुरकुरतोय, एकेक प्रश्नपत्रिका खाली पडतेय. कोपरापर्यंत काळी शाई. पहिल्या चार-पाच प्रती फिक्या येतात, त्या तू फेकत नाहीस, बाजूला काढून ठेवतोस. पावसाळ्यात समुद्राची ओल कागदात शिरते, दोन-दोन कागद एकदम ओढले जातात, म्हणून कागदाच्या कपाटात तू चाळीसचा बल्ब जळत ठेवलायस. हेडसर विजेच्या बिलावरून कुरबुरले की म्हणतोस, "सर, बलप म्हाग की कागद म्हाग, तुमीच सांगा." वर्गात एकेचाळीस मुलं असली तर तू एकेचाळीसच प्रती काढायचास आणि एक शिक्षकांसाठी. त्रेचाळिसावी निघाली तर दिवसभर तुझं तोंड उतरलेलं. लोक तुझ्या काटकसरीचं कौतुक करायचे, पाठीमागे चेष्टाही करायचे. मलाही वाटायचं की तुझं सगळं शहाणपण तेवढ्यातच आहे. ते अर्धंच होतं हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

उरलेलं अर्धं शाळा सुटल्यावर चालायचं. व्हरांड्यात पोतं अंथरून तू दिवसभरातला वाया गेलेला कागद घेऊन बसायचास. फिक्या प्रती, चुकलेल्या नोटिसा, वर्षअखेरीला हेडसरांनी कपाटातून उपसलेले जुने अर्ज. एकेक कागद हातात घ्यायचास आणि छापलेली बाजू वाचायचास. सातवी पास माणूस तू, ओठ हलवत वाचायचास, वेळ लागायचा. मग ती लाल-निळी पेन्सिल, जिचं एक टोक लाल आणि दुसरं निळं. निळी आडवी रेघ मारलीस की तो कागद वापरायचा. लाल मारलीस की घरी नेऊन चुलीत. मराठीचे सर जाता जाता म्हणायचे, "मामा, यंदा दहावीला बसताय वाटतं?" सगळे हसायचे. तूही हसायचास. मीही हसायचे, आणि मनात म्हणायचे, एवढं वाचायचंय काय त्यात, कोरी बाजू दिसतेय ना, मग झालं.

तो दिवस तुला आठवतो का? मी दहा-अकरा वर्षांची असेन. आई ओट्यावर सुकी मासळी विकायची, आणि त्या दुपारी ती पाणी भरायला गेली म्हणून मी बसले होते. खालच्या आळीतली बाई जवळा घ्यायला आली. पुडी बांधायला कागद सापडेना, म्हणून मी चुलीजवळच्या गठ्ठ्यातला एक ओढला आणि जवळा बांधून दिला. तू आत जेवत होतास. दारातून तुला तिच्या हातातल्या पुडीवरची लाल रेघ दिसली असणार, कारण ताटावरून तसाच उठलास. भाताचा हात, अनवाणी, आणि तू आळीतून तिच्यामागे पळतोयस. मला वाटलं मी पैसे कमी घेतले. तू परत आलास तेव्हा तुझ्या हातात तो चुरगळलेला कागद होता. तिला तू आपल्या टोपीत जवळा ओतून दिला होतास. कागद चुलीत टाकलास, पूर्ण जळेपर्यंत बघत उभा राहिलास आणि मगच बोललास. एका बाईचा हेडसरांना अर्ज होता तो. नवरा मारतो, म्हणून मुलीला घेऊन पंधरा दिवस माहेरी जाते, मुलीचं नाव कमी करू नये. खाली अंगठा. तू मला मारलं नाहीस. म्हणालास, "नवरा मारतो ह्ये तिनं हेडसरांना सांगितलं. आपल्या जवल्याच्या पुडीला न्हाय सांगितलं." मी म्हटलं, मला काय माहीत, मी कोरी बाजू बघून घेतला. तर म्हणालास, "भरलेली बाजू वाच आदी. कोरी काय, ती कुठं पलून जात न्हाय." मग ताटावर बसलास, पण जेवला नाहीस. मला तुझाच राग आला होता. एका कागदासाठी एवढं काय.

दर जूनमध्ये तू मला वह्या करून द्यायचास. निळ्या रेघेचे कागद सारखे कापून जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने शिवलेल्या, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. डाव्या पानावर कुठल्या तरी वर्षाची सहामाहीची प्रश्नपत्रिका, उजवं पान माझं. मैत्रिणींच्या दुकानातल्या वह्यांपुढे मला त्या काढायची लाज वाटायची हे तुला कळत होतं. म्हणून असेल, मला पहिल्यांदा शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा तू मुरुडहून कागदाचा एक अख्खा रीम आणून माझ्यापुढे ठेवलास. पाचशे कागद, दोन्ही बाजूंनी कोरे. "घे, आता काय छापायचं ते छाप," म्हणालास. ती लाल-निळी पेन्सिल मात्र तू निवृत्त होताना तुझ्या हाताखाली नव्यानेच लागलेल्या शिपायाला दिलीस. मला त्याचा राग आला होता. मला वाटलं होतं, ती माझी आहे.

तो शिपाई अजून इथेच आहे. आता तोच मामा. केस पांढरे झालेत, नाकावर चष्मा आलाय, निवृत्तीला पाच महिने उरलेत. तुला तो मोठे मामा म्हणतो. मी इथे आले तेव्हा तोही व्हरांड्यात पोतं अंथरून कागद वाचत बसायचा, अगदी तुझ्यासारखाच, फक्त ओठ न हलवता.

आता माझी गोष्ट. वेतनाव्यतिरिक्तचं अनुदान कधी येतं आणि कधी येत नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. इकडे छपाई मात्र वाढतच जाते. सगळं ऑनलाइन झालं म्हणतात. झालं खरं, पण ऑनलाइन भरलेल्या प्रत्येक माहितीची छापील प्रत तीन ठिकाणी द्यावी लागते. त्यात आमचे शिक्षक. वर्गात पस्तीस मुलं तर पन्नास प्रती, असाव्यात म्हणून. सराव चाचण्यांच्या नावाखाली कुणी नातवाच्या बारशाची पत्रिका छापून घेतं, कुणी मेव्हण्याची कुंडली. झेरॉक्स मशीनमध्ये टोनर भरायला अलिबागहून माणूस यायचा तो जवळजवळ घरचाच झाला होता. मागच्या वर्षी संस्थेच्या सभेत सचिवांनी सगळ्यांसमोर आमच्या शाळेचं बिल वाचून दाखवलं आणि विचारलं, "मॅडम, शाळा चालवता की छापखाना?" सगळे हसले. त्या हसण्यात मला मराठीच्या सरांचं हसणं ऐकू आलं, आणि मी तिथल्या तिथे उभी राहून सांगितलं की वर्षभरात हा खर्च निम्म्यावर आणून दाखवते.

आणला, बाबा. तुझीच मुलगी. प्रत्येक शिक्षकाला मशीन चालवायचा वेगळा आकडा दिला, कुणी किती छापलं ते महिनाअखेरीला फलकावर लागायला लागलं, आणि बारसं-कुंडली एका महिन्यात बंद पडलं. नोटिसा अर्ध्या पानावर. अक्षर एक घर बारीक. कपाटात बल्ब. आणि मशीनच्या बाजूला बंदरावरून आणलेला मासळीचा निळा क्रेट धुऊन ठेवला, त्याच्या वर भिंतीवर मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं: पाठकोरे कागद. एकही कागद फाडू नये. घटक चाचण्या, कच्ची कामं, सगळं त्या क्रेटमधल्या कागदांवर. तालुक्याच्या मुख्याध्यापकांच्या सभेत मला माझा अनुभव सांगायला उभं केलं. मी तुझ्याबद्दल बोलले. माझे वडील याच शाळेत शिपाई होते, त्यांनी मला कागदाची किंमत शिकवली, असं म्हटलं. टाळ्या पडल्या. लाल रेघेबद्दल मी बोलले नाही. लपवलं नाही, आठवलीच नाही.

आठवायला हवी होती, कारण सभेच्या आधी आठच दिवस मी मामांना बोलले होते. क्रेट दुपारी रिकामा असायचा आणि शिक्षक ओरडायचे, चाचणी छापायची कशावर. कागद व्हरांड्यात मामांच्या पोत्यावर पडलेले. मी बाहेर येऊन म्हटलं, "मामा, काय संशोधन चाललंय? कोरी बाजू वर करायची आणि क्रेटमध्ये टाकायचे, दोन मिनिटांचं काम." ते म्हणाले, "बाई, वाचून टाकतो. मोठ्या मामांची तशी रीत व्हती." मी म्हटलं, "त्यांच्या वेळी दिवसाला वीस कागद निघायचे. आता दोनशे निघतात. वाचायचं नाही, नुसतं टाकायचं." दोन शिक्षिका तिथे उभ्या होत्या, त्या हसल्या. मामांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं बाई."

ऑगस्टच्या सुरुवातीला नववीतली एक मुलगी माझ्या खोलीत आली. आपल्याच कोळीवाड्यातली. बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई मुरुडच्या बाजारात बसते. आली ती दार लावू का म्हणून विचारत आली. बाप ज्याच्या बोटीवर जातो, त्या मालकाबद्दल तिला सांगायचं होतं. बोलता येईना, म्हणून मी वही दिली आणि ती लिहीत बसली. दीड पान लिहिलं. काय लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. तेवढं तरी आता शिकले. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, ह्ये कोन कोन वाचनार?" मी म्हटलं, "मी, आणि मुलींच्या तक्रारी बघणाऱ्या समितीच्या चार बायका. बस. पुढे पोलिसांकडे जायचं तर तुझ्या आईला विचारून." ती म्हणाली, "नक्की ना?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवून नक्की म्हटलं.

प्रती मी स्वतः काढल्या. कुणाच्या हातात जायला नको म्हणून दुसऱ्या कुणाला मशीनजवळ येऊ दिलं नाही. त्या दिवशी झिमझिम चालू होती आणि वीज जाऊन-येऊन होती, कपाटातला बल्ब विझलेला. कागद दमट. पहिल्या पानाच्या पहिल्या तीन प्रती तिरक्या आल्या, शेवटच्या ओळी कापल्या गेल्या. त्या मी मशीनच्या झाकणावर ठेवल्या. पुढच्या नीट आल्या. तेवढ्यात तालुक्याच्या ऑफिसातून फोन: कुठली तरी माहिती अर्ध्या तासात हवी, नाहीतर शाळेचं नाव वर जाईल. मी नीट प्रती पाकिटात घालून कपाटात कुलूपबंद केल्या आणि फोन कानाला लावून खोलीत आले. त्या तीन कागदांचे तुकडे करायला काय लागलं असतं? पण हात गेला नाही. कागद फाडायचा नाही हे माझ्या हाताला इतकं लागलं होतं की मी ते फाडले नाहीत, फक्त ठेवून दिले. थोड्या वेळाने मामा तिथे आले असतील. त्यांनी ते उचलले, कोरी बाजू वर केली आणि क्रेटमध्ये टाकले. मी सांगितल्याप्रमाणे. वाचलं नाही.

शुक्रवारी नववीची विज्ञानाची घटक चाचणी होती. मी फेरी मारत त्या वर्गावरून गेले तेव्हा वर्ग शांत होता आणि मला बरं वाटलं होतं. पुढचं मला नंतर कळलं. ती खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसली होती. पुढच्या बाकावरच्या मुलीने कच्चं काम करायला प्रश्नपत्रिका उलटी केली, जागा शोधायला हातात उचलून धरली, आणि हिला मागून आपलं अक्षर दिसलं. ती उठली. पेपर बाईंच्या टेबलावर ठेवला, अर्धा कोरा. बाईंना वाटलं, बाहेर जायचंय. ती दप्तरही न घेता घरी गेली. तिने समोरच्या मुलीचा कागद हिसकावून घेतला असता, आरडाओरडा केला असता, तर निदान आम्हाला काही कळलं तरी असतं. तीन कागद तीन मुलांकडे गेले होते. दोन आम्हाला मिळाले. तिसरा मिळाला नाही, पण त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यातल्या बहुतेक मोबाइलवर होता. माझ्याही आला. ज्या बाईने मला ओवाळलं होतं तिच्याकडून आला, खाली लिहिलेलं, हे खरं का?

मी दोनदा त्या मुलीच्या घरी गेले, दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मुरुडच्या बाजारात तिच्या आईसमोर जाऊन उभी राहिले. ती बांगडे मांडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मासली घ्यायची तर घ्या. दुसरं काय बोलू नका." मी म्हटलं, मुलगी कुठे आहे तेवढं सांगा. म्हणाली, "पल्याड. मावशीकडं." म्हणजे आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीच्या बाजूला कुठेतरी. शाळेचं विचारलं, तर म्हणाली, "कसली शाला?" मग तक्रारीचं विचारलं. तेव्हा तिने हातातला बांगडा खाली ठेवला. "आमी काय लिवून दिलंच न्हाय. कोन इचारलं तर आसंच सांगनार. तिच्या बापाला दुसरी बोट कोन देनार, तुमी?" आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. मी निघाले तेव्हा ती मागून, हळू आवाजात, एवढंच म्हणाली, "मना पन न्हवतं सांगितलं तिनं. पयलं तुमालाच सांगितलं." मी स्कूटर लावली होती तिथपर्यंत चालत गेले आणि बराच वेळ किल्ली सापडेना. बोटीचा मालक नारळी पौर्णिमेला नेहमीसारखा सगळ्यांत पुढे होता म्हणतात. आता गणपतीतही मंडळाच्या मांडवात बसलेला मी डोळ्यांनी पाहिला. मुलीचं नाव अजून हजेरीपटावर आहे. रोज तिच्यापुढे गैरहजेरीची खूण पडते.

संस्थेने खुलासा मागितला. त्याआधी सचिवांचा फोन आला, आवाज अगदी मऊ. "मॅडम, जबाबदारी निश्चित करून कळवा. खालच्या पातळीवर चूक झाली असेल तर शाळेचं नाव वाचेल. तुमची अजून आठ वर्षं आहेत, विचार करा." मी विचार केला. चार मसुदे लिहिले, चारही इथेच बसून छापले. चौथ्यात वाक्य असं आहे: सदर शिपायाने कागदपत्रांची आवश्यक ती तपासणी न करता ते वापरासाठी ठेवले. शब्दाशब्दाने बघायला गेलं तर खोटं नाही. तोच मी सही करून पाठवला. मी घाबरले, बाबा. दुसरं काही कारण नाही. खुर्ची जाईल, लोक हसतील, शिपायाची पोर शेवटी शिपायाच्याच लायकीची म्हणतील, याला घाबरले. आणि शिपायाच्या लायकीचं म्हणजे काय, हे मला माहीत असून घाबरले.

मामांना कारणे दाखवा नोटीस आली. ती त्यांच्या हातात देणं हेही माझंच काम. त्यांनी उभ्यानेच वाचली, सगळी, शेवटपर्यंत. मला वाटलं, आता ते म्हणतील, बाई, तुम्हीच तर सांगितलंत. ते म्हणाले नाहीत. सही कुठे करायची विचारलं. सही करताना खिशातलं पेन काढलं तेव्हा ती पेन्सिलही बाहेर आली, आता बोटाच्या पेराएवढी उरलीय, दोन्ही टोकं बोथट. सही करून म्हणाले, "मोठं मामा आसतं तर मना बोललं आसतं. म्हनलं आसतं, माजी पोरगी काय बी सांगंल, तू ऐकलंस कशाला?" आणि जराशाने, "ती पोर बरी हाय का, बाई? काय कललं का?" चौकशी चालू असेपर्यंत त्यांचं पेन्शन अडकणार आहे, त्यांना ते माहीत आहे.

सोमवारी अलिबागला सुनावणी आहे. सकाळची एसटी एकच, म्हणजे आम्ही दोघं एकाच गाडीने जाणार. ते बहुधा माझ्यासाठी जागा धरून ठेवतील. तिथे मला तोंडी विचारतील, आणि मी काय बोलणार हे आज, शुक्रवारी, मला माहीत नाही. तुझ्यासारखा माणूस असता तर म्हणाला असता, यात माहीत नसण्यासारखं काय आहे.

क्रेट मी काढून टाकलाय. चिठ्ठी अजून भिंतीवर तशीच आहे. आणि हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून संपवते. मी लिहितेय ते हे कागद म्हणजे खुलाशाचे वाया गेलेले मसुदे आहेत. हा शेवटचा कागद म्हणजे त्यातला पहिला. याच्या भरलेल्या बाजूला सगळं आहे: मी व्हरांड्यात काय बोलले, मामा काय म्हणाले, ते तीन कागद झाकणावर कुणी ठेवले. तो लिहिताना माझा हात एकदाही अडखळला नव्हता. मघाशी लिहायला बसताना मी त्यावर निळ्या पेनाने आडवी रेघ मारली, तू मारायचास तशी. तू वाचून मारायचास. मी कोरी बाजू वर केली आणि लिहायला लागले.